स्लो कुकरमधली व्हेज चिली पाणचट का होते आणि दाट, भरभक्कम कशी करायची

चिली म्हणजे बीन्स, टोमॅटो, मिरची आणि जिऱ्याचा दाट अमेरिकन रस्सा, आणि स्लो कुकर म्हणजे मंद आचेवर तासन् तास शिजवणारं विजेचं भांडं, त्याला लो आणि हाय अशी बटणं असतात. प्रश्न थोडक्यात असा आहे. रात्रभर भिजवलेला राजमा, चिरलेला कांदा, ढोबळी मिरची, टोमॅटो, मसाले आणि पाणी असं सगळं सकाळी एकदम स्लो कुकरच्या भांड्यात घातलं, लो वर नऊ तास ठेवलं, आणि संध्याकाळी झाकण काढलं तर वर पाणी तरंगतंय, खाली राजमा टचटचीत, आणि चव म्हणाल तर तिखट टोमॅटो सूपची. आता मसाला वाढवायचा, वेळ वाढवायचा की कुकरच बदलायचा?

तिन्हीची गरज नाही. पण आधी एक करा, तो टचटचीत राजमा उरला असेल तर टाकून द्या, गरम करून परत खाऊ नका. का ते लगेच सांगतो.

मी गेली बारा-तेरा वर्षं स्लो कुकरमध्ये चिली करतोय, घरी चार माणसांसाठी पण आणि तीस-चाळीस जणांसाठी दोन-तीन कुकर शेजारी शेजारी लावून पण. एवढ्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली, की या भांड्याला मुरवणं फार छान जमतं पण त्याला खळखळून उकळता येत नाही, खमंग परतता येत नाही आणि पाणी आटवता येत नाही. तुमच्या तिन्ही तक्रारी नेमक्या या तीन गोष्टींच्या आहेत बघा. राजमा कच्चा कारण उकळी नाही, चव सपाट कारण परतणं नाही, वर पाणी कारण वाफ बाहेरच जात नाही. म्हणजे ही तीन कामं आपण गॅसवर आणि हाताने करायची आणि मुरवायचं काम तेवढं कुकरला द्यायचं, की चिली बिघडत नाही.

राजम्यापासून सुरुवात करतो कारण इथे नुसत्या चवीचा नाही, तब्येतीचा प्रश्न आहे. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं एक लेक्टिन, म्हणजे पोटाला त्रास देणारं प्रथिन, असतं. घेवड्याच्या सगळ्याच जातींत ते कमीजास्त असतं, लाल राजम्यात सगळ्यात जास्त, पांढऱ्यात त्याच्या साधारण एक तृतीयांश. चार-पाच कच्चे दाणे पोटात गेले तरी त्रास व्हायला पुरेसे असतात, एक ते तीन तासांत मळमळ सुरू होते, मग जोराच्या उलट्या आणि नंतर जुलाब. हे लेक्टिन उकळत्या पाण्यात मोडतं. अमेरिकेच्या एफडीएचं, म्हणजे तिथल्या अन्न आणि औषध प्रशासनाचं, सांगणं असं की किमान ५ तास भिजवा, ते पाणी फेकून द्या आणि ताज्या पाण्यात किमान ३० मिनिटं उकळा. आणि स्लो कुकर वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवायची गोष्ट ही, की ८० अंश सेल्सिअसपर्यंतच तापलेला अर्धवट राजमा कच्च्यापेक्षाही पाचपट विषारी ठरू शकतो. लो वर ठेवलेलं भांडं सावकाश तापतं, तासन् तास त्याच पट्ट्यात असतं आणि काही कुकर तर शेवटपर्यंत खळखळ उकळीला पोचतच नाहीत. म्हणून "नऊ तास शिजलाय म्हणजे शिजलाच असणार" हा हिशोब इथे चालत नाही.

मी स्वतः सुरुवातीला हीच चूक केली होती. भिजवलेला राजमा तसाच घातला, संध्याकाळी दाणा जरा करकरीत लागला पण भूक लागली होती म्हणून खाल्ला, आणि त्या रात्री घरातले तिघं जण आळीपाळीने ओकत होते. त्या दिवसापासून राजमा, ब्लॅक बीन्स, पिंटो बीन्स, जे काही घेवड्याच्या कुळातलं असेल ते गॅसवर उकळल्याशिवाय माझ्या स्लो कुकरमध्ये जात नाही. मसूर आणि छोले यांना हा धोका तसा नाही. डब्यातले बीन्स आधीच पूर्ण शिजवलेले असतात त्यामुळे तेही थेट घालता येतात.

आता दाणा मऊ का होत नाही त्याचं दुसरं कारण. टोमॅटो आंबट. दाण्याच्या पेशी एकमेकींना पेक्टिनने चिकटलेल्या असतात, ते पेक्टिन विरघळलं की दाणा मऊ होतो, आणि आंबट पाण्यात ते विरघळायला फार वेळ लागतो. शिवाय डब्यातल्या टोमॅटोच्या फोडींमध्ये बऱ्याचदा कॅल्शियम क्लोराइड घातलेलं असतं, फोडी मोडू नयेत म्हणून, आणि ते कॅल्शियम दाण्याचं पेक्टिन पण घट्ट करतं. मग तुम्ही नऊचे बारा तास करा, दाणा हट्टाने तसाच राहतो. त्यामुळे माझा नियम असा की टोमॅटोची आणि दाण्याची गाठ दाणा पूर्ण मऊ झाल्यावरच घालून द्यायची, ऐंशी टक्के शिजलाय, उरलेला कुकरमध्ये होईल असं करायचंच नाही.

भिजवताना पाण्यात मीठ घाला, एक लिटरला साधारण १५ ग्रॅम म्हणजे एक सपाट मोठा चमचा. मिठाने दाणे कडक होतात असं खूप जण सांगतात पण मी दोन्ही करून बघितलंय, मिठाच्या पाण्यातल्या दाण्याची साल उलट जास्त मऊ होते आणि फुटते कमी, कारण मिठातलं सोडियम सालीतल्या कॅल्शियमची जागा घेतं. आठ ते बारा तास भिजवा, पाणी ओता, दाणे धुवा, ताजं पाणी दाण्यांच्या वर दोन-तीन इंच येईल इतकं घाला आणि मोठ्या आचेवर रटरट उकळू द्या. अर्धा तास नीट उकळी, त्यानंतर आच कमी करून मऊ होईपर्यंत. एकूण पाऊण तास ते दीड तास लागतो, दाणा किती जुना आहे त्यावर. फार जुने दाणे असतील तर दोन तास उकळूनही ते ऐकत नाहीत, मग भिजवायच्या पाण्यात पाव छोटा चमचा खायचा सोडा घाला, त्याहून जास्त नको, साबणासारखी चव येते. प्रेशर कुकर असेल तर हे सगळं झटपट होतं आणि लेक्टिनची काळजीच राहत नाही.

शिजला की नाही हे घड्याळावर ठरवू नका. डावात तीन-चार दाणे घ्या आणि हळूच फुंकर मारा. साल सुरकुतून उलगडायला लागली की जवळ आलोय. मग एक दाणा सुरीने मधोमध कापा. आत मध्यभागी खडूसारखा पांढुरका ठिपका दिसला तर अजून वेळ आहे, सगळीकडे एकसारखा ओलसर रंग दिसला तर झाला. आणि एकच दाणा बघून थांबू नका, चार-पाच बघा, एकाच पातेल्यात दोन वेगळ्या वयाचे दाणे असू शकतात. उकळलेलं पाणी मात्र टाकू नका हं, भिजवलेलं पाणी टाकायचं, उकळलेलं ठेवायचं, त्यात दाण्याचा पिठूळपणा उतरलेला असतो आणि चिलीला अंग त्यानेच येतं.

माझं नेहमीचं माप ५ लिटरच्या कुकरचं आहे, सहा ते आठ जणांना पुरतं. सुका राजमा २०० ग्रॅम आणि ब्लॅक बीन्स २०० ग्रॅम, शिजून मिळून एक किलोच्या आसपास होतात. डब्यातले घेणार असाल तर ४०० ग्रॅमच्या डब्यात निथळून साधारण २४० ग्रॅम दाणे निघतात, म्हणजे चार डबे. अख्खा मसूर १०० ग्रॅम, तो मी बीन्स शिजत आले की शेवटची दहा-पंधरा मिनिटं त्याच पातेल्यात टाकतो. दोन मोठे कांदे, एक गाजर, दोन ढोबळ्या मिरच्या, सात-आठ लसूण पाकळ्या, टोमॅटो ८०० ग्रॅम, टोमॅटो पेस्ट तीन मोठे चमचे, तेल चार मोठे चमचे. हो, चार. मटण-चिकनच्या चिलीत चरबी आपोआप सुटते, इथे ती कुठूनच येणार नाही, आणि मिरचीचा रंग, तिखटपणा, जिऱ्याचा वास हे सगळं तेलातच उतरतं, पाण्यात नाही. तेल वाचवलेली व्हेज चिली आजाऱ्याच्या पथ्याची लागते.

परतायचं काम मी सगळ्यात जास्त मन लावून करतो. स्लो कुकरमध्ये सगळं ओलं असतं, तापमान शंभराच्या आतच राहतं आणि कांद्याला तपकिरी करून खमंगपणा देणारी जी मेलार्ड प्रक्रिया असते ती कोरड्या पृष्ठभागावर साधारण १४० अंशांच्या पुढे जोर धरते. म्हणजे कच्चा कांदा दहा तास कुकरमध्ये राहिला तरी तो उकडलेला कांदाच राहणार, वर त्याचा उग्र वास सगळ्या चिलीला लागणार. तेव्हा जाड बुडाची कढई घ्या, तेल तापवा, कांदा आणि गाजर चिमूटभर मीठ घालून मध्यम आचेवर चांगलं पंधरा मिनिटं परता, कडा तपकिरी व्हायला हव्यात, नुसता पारदर्शक कांदा पुरत नाही. मग लसूण, अर्धा मिनिट. मग टोमॅटो पेस्ट. ही पेस्ट नुसती मिसळून पुढे जाऊ नका, तिला कढईच्या तळाला पसरून दोन-तीन मिनिटं भाजू द्या, भडक लाल रंग विटकरी होतो, कडेने तेल सुटतं आणि कच्चट आंबट वास जाऊन गोडसर वास येतो. त्यानंतर आच एकदम कमी करून कोरडे मसाले, ३०-४० सेकंद, सतत हलवत. मसाला करपला तर चिली कडू होते आणि तो कडूपणा कशानेही निघत नाही, त्यापेक्षा ओतून परत करा. वास आला की लगेच वाटीभर बीन्सचं पाणी ओता आणि तळाला जे तपकिरी चिकटलंय ते उलथन्याने सगळं खरवडून काढा. ते खरवडलेलं सोडू नका, सगळ्यात जास्त चव तिथेच असते.

मसाल्याच्या मापात बहुतेकांचा घोळ होतो तो चिली पावडर या शब्दाने. अमेरिकन रेसिपीत "तीन टेबलस्पून चिली पावडर" लिहिलेलं असतं ते नुसतं लाल तिखट नसतं, ते मिश्रण असतं, सौम्य मिरची, जिरं, ओरेगानो, लसूण पावडर, कधी मीठसुद्धा. ते तयार मिश्रण विकायला लागलं टेक्सासमध्ये, १८९० च्या दशकात, विल्यम गेबहार्ट या जर्मन माणसाने न्यू ब्राउनफेल्सला. आता तुम्ही तिथे तीन मोठे चमचे शुद्ध तिखट घातलंत तर घशाखाली उतरणार नाही, आणि घाबरून एकच चमचा घातलात तर चव फिकी. मी घरी असं करतो, रंग देणारी पण कमी तिखट मिरची पावडर दीड मोठा चमचा, झणझणीत तिखट अर्धा छोटा चमचा, जिरेपूड एक मोठा चमचा भरून, ओरेगानो दोन छोटे चमचे, स्मोक्ड पॅप्रिका, म्हणजे धुरावर सुकवलेल्या लाल मिरचीची पूड, एक मोठा चमचा. स्मोक्ड पॅप्रिका व्हेज चिलीत तरी वगळू नका, धुराची चव मांसाची उणीव बरीचशी भरून काढते. चिपोटले मिळाली तर अजून उत्तम, ती म्हणजे पिकून लाल झालेली आणि धुरावर सुकवलेली हालापेन्यो मिरची, एक किंवा दोन पुरतात. वेळ असेल तेव्हा मी पावडरीऐवजी अख्ख्या सुक्या आंचो मिरच्या घेतो, आंचो म्हणजे सुकवलेली पोब्लानो, तिखट कमी आणि मनुक्यासारखा गोडसर वास. देठ-बिया काढायच्या, कोरड्या तव्यावर दोन्ही बाजूंनी काही सेकंद शेकायच्या, गरम पाण्यात वीस मिनिटं भिजवून वाटायच्या. हे वाटण घातलेली चिली आणि पावडरची चिली यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

इथे जरा मागे जातो, कारण "मांसाशिवाय कसली चिली" असं म्हणणारे भेटतातच. चिलीचं मूळ नाव चिली कॉन कार्ने, म्हणजे मांस घातलेली मिरची, आणि तिचं घर टेक्सास. सॅन अँटोनियोच्या चौकांत संध्याकाळी बायका शेगड्या मांडून ती विकायच्या, त्यांना चिली क्वीन्स म्हणायचे, १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनातही सॅन अँटोनियोच्या चिलीचा स्टॉल होता, आणि १९७७ मध्ये तर टेक्सासने चिलीला राज्याचा अधिकृत पदार्थच केलं. तिथले जुने लोक राजमा घातला तरी नाक मुरडतात. पण नावातच बघा, पदार्थ मिरचीचा आहे, मांस तिच्या सोबतीला. मिरची, जिरं आणि वेळ या तीन गोष्टी प्रामाणिकपणे दिल्या की व्हेज चिली कोणाची नक्कल राहत नाही, आपल्या पायावर उभी राहते. आणि स्लो कुकरचा जन्म तर बीन्ससाठीच झालाय. आयर्विंग नॅक्सन नावाच्या संशोधकाला १९४० मध्ये त्याचं पेटंट मिळालं, आईकडून ऐकलेल्या चोलेंट या ज्यू लोकांच्या रात्रभर शिजणाऱ्या पदार्थावरून त्याला कल्पना सुचली, त्याच्या यंत्राचं नाव होतं नॅक्सन बीनरी. पुढे १९७० मध्ये रायव्हल कंपनीने त्याचा धंदा विकत घेतला आणि १९७१ मध्ये तेच यंत्र क्रॉक-पॉट नावाने बाजारात आलं. तेव्हा बीन्सची चिली या भांड्यात अगदी आपल्या घरी आल्यासारखी आहे, फक्त उकळी बाहेर द्यायची.

भरभक्कमपणा कशाने येतो? नुसत्या राजम्याने नाही. राजमा गुळगुळीत असतो, तोंडात सगळे घास एकसारखे लागतात आणि चार घासांत कंटाळा येतो. वेगवेगळ्या चावण्याच्या गोष्टी हव्यात. मसूर अर्धवट विरघळून रश्शाला अंग देतो म्हणून तो मी कधीच सोडत नाही. दुसरं म्हणजे २५० ग्रॅम मशरूम बारीक चिरून कोरड्या कढईत पाणी आटेपर्यंत आणि मग थोड्या तेलात तपकिरी होईपर्यंत परतलेले, हे करताना घाई करू नका, पाणी सुटतं तेव्हा आता हे परतलं जाणारच नाही असं वाटतं, पण थांबा, ते पाणी जातं. सुके मशरूम असतील तर १५-२० ग्रॅम गरम पाण्यात भिजवून, चिरून, त्यांच्या पाण्यासकट घाला. अक्रोड जाडसर कुटून मूठभर घातले तर खिम्यासारखं पोत येतं, हे वाचून विश्वास बसत नाही पण एकदा करून बघा. सोया ग्रॅन्युल्स मला स्वतःला फारसे आवडत नाहीत, मऊ पडून स्पंजसारखे होतात, घालायचेच असतील तर भिजवून घट्ट पिळून मसाल्यात नीट परतून घाला. दोन मोठे चमचे बल्गर गहू, म्हणजे उकडून सुकवलेला भरड गहू, शेवटच्या तासात टाकला तरी चालतो, पाणी पितो आणि चावायला छान लागतो. रताळ्याच्या किंवा लाल भोपळ्याच्या फोडी तिखटाला गोड जोड देतात, फोडी मोठ्या ठेवा, इंचभर तरी, आणि अर्ध्या वेळानंतर घाला.

मांसातून जी खोल चव येते ती भरायला मी दोन मोठे चमचे सोया सॉस, एक छोटा चमचा इन्स्टंट कॉफी आणि दोन छोटे चमचे बिनसाखरेची कोको पावडर घालतो. कोकोची चव वेगळी ओळखू आली तर जास्त झाली असं समजा, ती फक्त मागे उभी राहिली पाहिजे.

आता पाणी. गॅसवरच्या रेसिपीतलं पाणी जसंच्या तसं स्लो कुकरमध्ये घातलं की चिली पाणचट होणारच, कारण वाफ झाकणाला लागून परत खालीच पडते आणि कांदा, टोमॅटो, मिरची, मशरूम स्वतःचं पाणी सोडतात ते वेगळं. वर दिलेल्या मापाला मी अर्धा लिटरपेक्षा जास्त पाणी घालत नाही, कढई खरवडायचं धरून. भरल्यावर दिसायला ते फार घट्ट दिसतं, दाणे डोकं वर काढून असतात, तेव्हा हात आवरा, पाणी ओतू नका, दोन-तीन तासांत रस वर येतो. भांडं अर्ध्यापेक्षा कमी भरू नका, कडेने करपतं, आणि पाऊण भांड्याच्या वर नेऊ नका, मधलं तापायला फार वेळ लागतो.

सगळं गरम गरम भांड्यात गेलं पाहिजे हेही महत्त्वाचं, परतलेला मसाला गरम, बीन्स गरम, पाणी गरम, म्हणजे कुकरला फक्त तापमान धरून ठेवायचंय. फ्रीजमधलं थंडगार साहित्य घालून लो वर लावलं तर पहिले दोन-तीन तास ते कोमटच राहतं आणि ५ ते ६० अंशांच्या मधे जीवाणू भराभर वाढतात. गोठलेले बीन्स किंवा भाज्या पण थेट नको. फक्त भांडं सिरॅमिकचं असेल तर फ्रीजमधून काढलेल्या गार भांड्यात उकळतं ओतू नका किंवा तापलेल्यात गार पाणी ओतू नका, तडा जातो.

लो वर सहा ते आठ तास किंवा हाय वर तीन ते चार. लो आणि हाय दोन्ही शेवटी उकळीच्या खालच्या जवळजवळ त्याच तापमानाला पोचतात, हाय लवकर पोचतं, लो सावकाश, एवढाच फरक. बीन्स आधी शिजलेले आहेत म्हणजे ही वेळ फक्त मुरण्याची आहे, म्हणून मी लो च पसंत करतो. आणि झाकण उघडून उघडून बघू नका, एकदा उघडलं की साठलेली वाफ जाते आणि परत त्या तापमानाला यायला वीस-तीस मिनिटं जातात. डब्यातले बीन्स वापरत असाल तर ते शेवटच्या दोन तासांत घाला, पहिल्यापासून घातले तर साली सुटून लगदा होतो. ढोबळी मिरची मी निम्मी सुरुवातीला आणि निम्मी शेवटच्या तासात घालतो, मक्याचे दाणे कपभर शेवटचा अर्धा तास.

शेवटचा अर्धा तास स्वतः तिथे उभं राहायचं. आधी दाटपणा बघा. डावभर चिली बशीत काढून बशी तिरकी करा, पाणी वेगळं होऊन वाहत गेलं तर अजून मिळून आलेली नाही. अशा वेळी कॉर्नफ्लोअर वगैरे नको, त्याने चकाकी येते पण चव पातळ होते. दोन कप चिली काढून डावाच्या मागच्या बाजूने चेचा किंवा मिक्सरमधून जाडसर फिरवा आणि परत मिसळा, बीन्सचा पिठूळपणाच सगळं बांधून घेतो. तरी पातळ वाटली तर मासा हरिना, म्हणजे चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या मक्याचं पीठ, दोन मोठे चमचे गार पाण्यात कालवून घाला आणि हाय वर वीस मिनिटं ठेवा, त्याचा भाजलेल्या मक्याचा वास चिलीला फार शोभतो.

मग चव. आठ तासांत जिऱ्याचा आणि ओरेगानोचा वास बराच उडून गेलेला असतो, म्हणून मी मसाल्याचा तिसरा हिस्सा आधीच बाजूला काढून ठेवतो, तो आत्ता एक चमचा गरम तेलात फुलवून वरून घालतो. त्यानंतर मीठ. बहुतेक वेळा लोक म्हणतात तिखट कमी पडलं, आणि खरं कमी पडलेलं असतं मीठ. चिमूट चिमूट घालत, दर वेळी नीट ढवळून, एक मिनिट थांबून चाखा, कारण दाण्यांना मीठ मुरायला वेळ लागतो. मीठ बरोबर झालं की एका लिंबाचा रस किंवा एक मोठा चमचा व्हिनेगर, आणि हा क्षण मला दर वेळी आवडतो, आधीचा घास चांगलाच असतो पण जरा झोपलेला, लिंबू पडलं की मिरची, धूर, टोमॅटो सगळे वेगवेगळे ओळखू यायला लागतात. टोमॅटो फार आंबट असले तरच चिमूटभर साखर. तिखट सगळ्यात शेवटी ठरवा, कारण आंबट आणि मिठाने तिखटाची जाणीव बदलते. लिंबू, कोथिंबीर, दही किंवा आंबट क्रीम यातलं काहीही सुरुवातीला भांड्यात घालू नका, लिंबाचा ताजेपणा जातो, कोथिंबीर काळी पडते, दही फाटतं. चीज किंवा क्रीम वाढताना वाटीत वरून घाला, दुधाच्या प्रथिनांनी तिखटाचा दाह पण कमी होतो, आणि दूध न खाणाऱ्यांसाठी अव्होकाडोच्या फोडी.

उरली तर आनंदच आहे, दुसऱ्या दिवशी चिली जास्त चांगली लागते. फक्त भांड्यासकट रात्रभर ओट्यावर ठेवू नका, दोन तासांच्या आत पसरट डब्यांमध्ये काढून फ्रीजमध्ये टाका, तीन-चार दिवस टिकते, फ्रीझरमध्ये दोन-तीन महिने आरामात. गरम करायची ती गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये, पूर्ण वाफ येईपर्यंत, थोडं पाणी घालून कारण गार झाल्यावर ती फार घट्ट होते. स्लो कुकरमध्ये परत गरम करू नका, तो फार सावकाश तापतो. वॉर्म चं बटण फक्त गरम असलेलं गरम ठेवायला आहे.

आणि कुकर बदलायचा का, तर आधी तो तपासून बघा. भांडं अर्धं पाण्याने भरा, झाकण लावून लो वर आठ तास ठेवा आणि झाकण काढल्या काढल्या लगेच थर्मामीटर घाला. ८५ अंशांच्या आसपास असेल तर कुकर ठीक आहे, खूप कमी आलं तर हीटर गेलाय, तो वापरू नका. कुकर ठीक निघाला तर पुढच्या वेळी आदल्या रात्री बीन्स मिठाच्या पाण्यात भिजत घाला, सकाळी ते एका शेगडीवर उकळत असताना दुसरीवर कांदा परतून घ्या, दोन्ही कामं मिळून तास-दीड तासात होतात.